बिनजोड अंगठीच आधी मोडते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत आठवणीच्या जुन्या लाकडातून घडवलेल्या लग्नाच्या अंगठ्यांवर लेख आला. पाळण्याची फळी, पाडलेल्या घराची चौकट, मोडीत काढलेल्या होडीचा वासा यांतून बोटात घालण्याजोगी वस्तू निघते हे त्यामुळे अनेकांना कळले, हे चांगलेच झाले. पण त्यातले एक विधान दुरुस्त करायला हवे. ‘एकाच तुकड्यातून कोरलेली, जोड नसलेली, गोंद नसलेली अंगठी सर्वांत अस्सल आणि म्हणून सर्वांत टिकाऊ’ असे लेखात म्हटले आहे. अस्सल कशाला म्हणावे हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. टिकण्याच्या बाबतीत मात्र गोष्ट नेमकी उलटी आहे, बिनजोड अंगठीच आधी मोडते. हे विधान वाचून कोणी घरातला एकुलता एक तुकडा ड्रिलखाली दिला, तर तो परत मिळणार नाही. सोने वितळवून पुन्हा ओतता येते, लाकडाला ती सोय नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते जरा लांब.

लाकूड म्हणजे एका दिशेने रचलेल्या बारीक नळ्यांची मोळी. नळ्यांच्या लांबीने ओढले तर ते दाद देत नाही, आडवे ओढले तर नळ्या एकमेकींपासून सुटतात. या दोन ताकदींत दहा ते वीसपट, काही जातींत त्याहूनही जास्त फरक असतो. सरपण फोडणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. रेषेवर, म्हणजे नळ्यांच्या लांबीने, घातलेला घाव ओंडका दुभंगतो, आडवा घातलेला घाव रुतून बसतो. आता फळीला १८ मिलिमीटरचे भोक पाडून भोवती अडीच मिलिमीटरची कड ठेवा. या कडेच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना रेषा कडेच्या लांबीने धावतात, उरलेल्या दोन बाजूंना त्या कडेला आडव्या जातात. त्या दोन आडव्या जागी अंगठीला धरून ठेवणारे जवळपास काहीच नसते. अशी अंगठी फरशीवर पडली की तिचे बहुधा दोनच तुकडे होतात, आणि ते बरोबर याच दोन जागी.

पडली नाही तरी तिची सुटका नाही. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. त्यामुळे ते रेषांच्या आडवे फुगते-आकसते, लांबीने मात्र जवळजवळ हलत नाही. व्हाइट ओकचे उदाहरण घ्या. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत वाढवलयांच्या दिशेने सुमारे १०.५ टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे ५.६ टक्के आणि लांबीने जेमतेम ०.१ ते ०.२ टक्का. बोटातल्या अंगठीचा ओलावा पाच टक्क्यांनी जरी बदलला, तरी १८ मिलिमीटरच्या भोकात एका बाजूने ०.३ मिलिमीटरचा फरक पडतो आणि दुसऱ्या बाजूने शून्य. गोल अंगठी लंबगोल होते, पुन्हा गोल होते, पुन्हा लंबगोल. हात दिवसातून दहा वेळा भिजतो. त्या दोन कच्च्या जागा प्रत्येक वेळी थोड्या ताणल्या जातात आणि केसाएवढी भेग पडते. ती आधी आतल्या कडेला दिसते. तिथे कोणी बघत नाही.

भोक पाडून केलेली अंगठी चालते असे दोन अपवाद आहेत. एक स्केटबोर्डचा. त्याची फळी मुळातच मेपलच्या साधारण सात पातळ थरांची असते आणि त्यांतले काही थर आडवे घातलेले असतात. एका थराची कच्ची जागा शेजारच्या थराची पक्की जागा होते. म्हणून जुन्या स्केटबोर्डची लेथवर कातलेली अंगठी टिकते, वर रंगीत थरांच्या रेघाही आयत्या मिळतात. पण तीही बिनजोड नव्हे, तिचे जोड कारखान्यात झालेले असतात एवढेच. दुसरा अपवाद राळ मुरवलेल्या लाकडाचा. तुकडा आधी भट्टीत १०० अंशांच्या थोडा वर पूर्ण कोरडा करायचा, निर्वात भांड्यात पातळ राळेत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत हवा ओढायची, मग तसाच मुरू द्यायचा आणि ९० अंशांच्या आसपास तापवून राळ घट्ट करायची. बुरशीने नक्षी उठलेल्या किंवा भुसभुशीत झालेल्या लाकडाला हाच मार्ग. तेलकट लाकूड आणि घट्ट गाभा मात्र राळ पिऊन घेत नाहीत. तिथे बाहेरचा मिलिमीटरभर थर पक्का होतो, आत जुनेच दुखणे राहते.

बाकी सर्व लाकडांसाठी रीत एकच: पातळ पट्टी काढायची, उकळून वाकवायची आणि चार फेरे गुंडाळून चिकटवायची. अशा अंगठीत रेषा संपूर्ण घेरातून बोटाभोवती फिरतात, कच्ची जागा उरतच नाही. घेराच्या दिशेने लाकूड हलत नसल्याने आतले मापही स्थिर राहते. फुगणे-आकसणे काय होईल ते जाडीत आणि रुंदीत, आणि ते बोटाला जाणवत नाही. दुकानात ओळखायचे कसे? अंगठी आडवी धरून कडेकडे पाहा. घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळी किंवा एकात एक बसलेली वर्तुळे दिसली तर ती वाकवलेली. रेषा कडेतून सरळ आरपार गेलेल्या दिसल्या तर भोक पाडलेली.

पट्टी किती जाड हवी यावर सगळे अवलंबून आहे. वाकवताना बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आणि किती ताणला जातो ते पट्टीची जाडी आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते. १८ मिलिमीटर व्यासाभोवती ०.६ मिलिमीटरची पट्टी वाकवली तर हा ताण सुमारे तीन टक्के येतो, एक मिलिमीटरच्या पट्टीला पाच टक्क्यांवर. कोरडे लाकूड एक टक्क्याच्या आसपासच तुटू लागते. ओले आणि गरम लाकूड आतल्या बाजूने दबून घेते, म्हणून ०.६ निभावते. जुने, कडक झालेले लाकूड असेल तर ०.४ वर या. ‘जरा जाड ठेवू, मजबूत होईल’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

लांबीचे गणित सोपे आहे. ०.६ मिलिमीटरचे चार फेरे घ्यायचे तर पहिल्याला सुमारे ५८, मग ६२, ६६ आणि ७० मिलिमीटर लागतात, एकूण २५६. टोके घासण्यासाठी धरून ३० सेंटिमीटरची पट्टी हवी. तेवढा लांब तुकडा नसेल तरी काम अडत नाही. प्रत्येक फेऱ्याची वेगळी, ७५ ते ८० मिलिमीटरची पट्टी घ्या. तिची दोन्ही टोके सहा मिलिमीटर लांबीत घासून धारेसारखी पातळ करा, म्हणजे टोकावर टोक चढून तिरपा सांधा होईल. दर थराचा सांधा आधीच्या थरापासून पाव घेर पुढे सरकवा. सांधे एकावर एक आले की तिथे अंगठी बिजागरीसारखी हलू लागते. लाकूड फारच थोडे असेल तर आतले दोन थर साध्या, निरोगी मेपल किंवा बर्चच्या विनियरचे (लाकडाच्या तयार पातळ पापुद्र्याचे) आणि वरचे दोन आठवणीच्या लाकडाचे ठेवावेत. करंगळीएवढ्या जाडीच्या तुकड्यातून जोडीच्या दोन अंगठ्या अशाच निघतात. यात काही फसवणूक आहे असे आम्हाला वाटत नाही, फक्त सांगून करावे.

आता तुकड्याविषयी. आठवण कितीही गोड असो, तो आधी संशयाने तपासावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, असा रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा आणि रंगापासून आतले दोन-तीन मिलिमीटर लाकूड वगळून पट्टी काढावी. डांबराचा वास येणारे रेल्वेचे स्लीपर क्रिओसोटमध्ये (डांबरापासून काढलेल्या तेलात) मुरवलेले असतात, आणि हिरवट झाक असलेले बाहेरकामाचे लाकूड तांबे, क्रोमियम व आर्सेनिकच्या क्षारांत मुरवलेले असू शकते. हे दोन्ही कातडीला लागून घालण्याच्या लायकीचे नाहीत, मग ते कोणत्याही स्थानकावरचे असोत. समुद्रातून निघालेल्या लाकडात मीठ असते, ते ओलावा ओढत राहते आणि गोंद धरू देत नाही. गोडे पाणी बदलत आठ-पंधरा दिवस भिजवावे, मग सावलीत सुकवावे. किड्याची भोके दिसली तर घाबरायचे कारण नाही, पट्ट्या उकळतानाच तो विषय संपतो. पण भोकांची चाळण झालेले लाकूड वाकवताना तिथेच तुटते.

खिळे शोधायला लोहचुंबक फिरवतात, पण होडीतले तांब्या-पितळेचे खिळे चुंबकाला कळत नाहीत. तिथे डोळे आणि रंधा. ओकसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंडी खिळ्याभोवती निळा-काळा डाग उतरलेला असतो. काहींना तो आवडतो, आणि खरोखरच सुंदर दिसतो. पण फार गंजलेल्या खिळ्यालगतचे तंतू कुजलेले असतात, म्हणून नखाने दाबून पाहावे. दारूच्या पिंपाच्या फळीचे वेगळे आहे. आतली जळकी काळी बाजू देखणी असली तरी तो कोळसा आहे, गोंद कोळशाला धरतो आणि कोळसा लाकडाला सोडतो. कोळसा खरवडून त्याखालची रंग मुरलेली तांबूस पट्टी वापरावी.

काही लाकडे अंगाला सोसत नाहीत. शिसव, कोकोबोलो आणि काही जणांना सागसुद्धा पुरळ आणतो, यांच्या रसायनांनी त्वचेला अ‍ॅलर्जी होते. वरचा लेप आहे तोवर ठीक, पण आतला लेपच आधी झिजतो. अशा लाकडाखाली मेपलचा किंवा धातूचा आतला थर हवाच. शिसवी जातींबद्दल आणखी एक गोष्ट. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून ‘साइटिस’च्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे आणि बाकी सगळी डालबर्जिया प्रजाती २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात. जुन्या वाद्याचा वा फर्निचरचा तुकडा देशाबाहेर पाठवायचा असेल तर आधी कागदपत्रे पाहा. जुन्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत असू शकतो, त्याच्या वाटेला जाऊच नये. त्याखालचे लाकूड खुशाल वापरा.

पट्टी काढण्याआधी तुकड्याच्या टोकाला पटाशी लावून एक बारीक कपची फोडून बघा. ती जशी फाटेल तशा रेषा. करवत त्या फाटलेल्या रेषेला समांतर चालवायची, तुकड्याच्या कडेला समांतर चालवून उपयोग नाही. पट्टीत रेषा कडेबाहेर जात असतील तर उतार पंधरास एकपेक्षा जास्त नको. ही एक तपासणी चुकली की पुढचे सगळे बरोबर करूनही पट्टी उकळीनंतर हातात तिरकी चिरते. बँडसॉने (पट्ट्याच्या यांत्रिक करवतीने) एक मिलिमीटरची पट्टी काढून सँडपेपरवर ०.६ पर्यंत आणतात, त्यात पट्टीइतकेच लाकूड भुशात जाते. तुकडा लहान असेल तर रंधा बरा. पाते वस्तऱ्यासारखे, लाकूड किंचित ओलसर, आणि एका दमात ०.४ ते ०.५ मिलिमीटरची अखंड साल काढायची. पट्टीची रुंदी अंगठीच्या रुंदीपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त ठेवा, कडा थोड्या उसवतातच.

उकळण्यासाठी स्टीलचे भांडे घ्या. लोखंडी भांड्यात ओक उकळला की तो काळाठिक्कर पडतो आणि मग कपाळाला हात लावण्यापलीकडे काही उरत नाही. पातळ पट्टीला पाच ते दहा मिनिटे पुरतात, जुन्या घट्ट लाकडाला वीस. पाण्यातून काढल्यावर हातात काही सेकंदच असतात, पट्टी थंड झाली की पुन्हा अडून बसते. अंगठीच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर बारीक गोल दांड्यावर ती सावकाश, एका गतीने गुंडाळा आणि वरून कापडी टेप घट्ट ओढत न्या. टेप बाहेरच्या बाजूला आधार देतो, तंतू उचकटू देत नाही. दांडा बारीक घ्यायचा कारण सुकल्यावर वळण थोडे उलगडते. विनियरच्या दोन बाजूंपैकी एकीवर पात्याने आलेल्या सूक्ष्म चिरा असतात. पट्टी कोरडी असतानाच दोन्हीकडे हलकी वाकवून पाहा, जी बाजू बाहेर ठेवून ती जास्त सहज वळते ती चिरांची. चिरांची ती बाजू आत यायला हवी. मग चोवीस तास सुकू द्या. हेअर ड्रायरने घाई केलेली पट्टी वरून कोरडी आणि आतून ओली राहते, आणि तिचा सूड गोंद लावताना उगवतो.

गोंद बहुतेक जण सायनोअ‍ॅक्रिलेट वापरतात, म्हणजे आपला सुपर ग्लू, त्यातला सर्वांत पातळ. तो ओलाव्याने घट्ट होतो. पट्टीत पाणी राहिले असेल तर तो थरात पसरण्याआधीच गोठतो आणि पांढरी बुरशी आल्यासारखा डाग सोडतो. साग, शिसव अशा तेलकट लाकडाला गोंदाच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवा. तासाभरापूर्वी फिरवून उपयोग नाही, तेल पुन्हा वर येते. अंगठीच्या मापाच्या दांड्याला मेण चोळा किंवा गुळगुळीत प्लास्टिक टेपचा एक वेढा द्या, नाहीतर अंगठी दांड्यालाच कायमची चिकटते. नवशिक्यांच्या निम्म्या अंगठ्या तिथेच संपतात. पट्टीचे आतले टोक घासून धारेसारखे केलेले असले पाहिजे. तसे नसेल तर पहिल्या फेऱ्याच्या शेवटी पायरी येते, आणि ती वरच्या प्रत्येक थरातून उमटत बाहेरपर्यंत पोचते. पहिला फेरा गोंदाशिवाय घ्या. पुढे थेंब टाका, पट्टी ताणून सेंटिमीटरभर पुढे दाबा, वीस-तीस सेकंद धरा, पुन्हा थेंब. घट्ट करणारा फवारा मिळतो, पण त्याने थर फेसाळतो आणि ठिसूळ होतो.

इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण कोणी देत नाही. हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर जास्त सांडला की झपाट्याने तापतो, धूर निघतो, हात भाजतो. सुती हातमोजे अजिबात नकोत, नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) घाला. वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. घासताना मास्क लावा. लाकडाचा भुसा १९९५ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेल्या गोष्टींत नोंदलेला आहे. ज्यांना घाईचा गोंद जमत नाही त्यांनी एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, वापरावा. त्यात फेरे सावकाश नीट बसवता येतात, पण चोवीस तास टेपने आवळून ठेवावे लागते, आणि खोलीच्या तापमानाला घट्ट झालेला साधा एपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद मात्र नकोच. पाण्याने तो फुगतो.

रात्रभर थांबून अंगठी काढा, उजेडासमोर धरून थरांमधून प्रकाश येतो का पाहा, मग टेबलावर बोटभर उंचीवरून सोडा. थर एकजीव असतील तर आवाज खणखणीत, कुठे सुटले असतील तर बद्द. सुटलेल्या जागी पातळ गोंदाचा थेंब लावला की तो आपोआप फटीत ओढला जातो. हा उपाय आत्ताच करायचा, लेप दिल्यावर जमत नाही.

कडा सपाट काचेवर ठेवलेल्या १२० नंबरच्या कागदावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवून सरळ करायच्या. बाहेरून १८०, २४०, ३२०, ४०० असे चढत जायचे. आतल्या कडेला अर्धा मिलिमीटर गोलाई द्या, पेरावरून अंगठी सरकते ती त्या गोलाईवर. तयार भिंत दोन मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये, बोटांच्या मध्ये नाजूक दिसावी म्हणून दीडवर नेली की ती दाबाखाली पिचते. वरचा लेप म्हणजे पातळ सुपर ग्लूचेच आठ ते बारा हात, प्रत्येकामध्ये दहा-पंधरा मिनिटे, मग ६०० पासून २००० पर्यंत पाणकागद आणि शेवटी पॉलिश. सर्वांत जास्त चूक कडांवर होते. तिथे कागद लेपातून आरपार जातो, ते दिसत नाही, आणि थरांच्या सगळ्या सांध्यांची तोंडे नेमकी तिथेच उघडी असतात. पाणी शिरते ते तिथूनच. कडांना दोन हात जास्त द्या आणि शेवटचे घासणे अगदी हलके ठेवा.

तेल आणि मेणाच्या ‘नैसर्गिक’ लेपाची मागणी होते, दिसायला तो खरोखरच उजवा. पण तो पाणी अडवत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेल द्यावे लागते. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. लाखेच्या पॉलिशचा मात्र अंगठीसाठी विचारच सोडावा. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, सॅनिटायझरची एक बाटली तिचे वर्षभराचे काम आठवड्यात धुऊन काढते.

ज्या वस्तूतून पट्टी निघतच नाही तिच्यासाठी खाच आहे. अंगठीच्या मधोमध दीड-दोन मिलिमीटर रुंद, अर्धा ते पाऊण मिलिमीटर खोल खाच घ्यायची आणि तिच्यात वस्तूचा चुरा भरायचा: सालीची पूड, शिंपला, दगड, माती. दुसऱ्या तुकड्याचा भुसा भरला तर दोन घरांचे लाकूड एका अंगठीत येते. चुरा आधी पूर्ण कोरडा करावा. एकदम भरून वर गोंद ओतला की तो तापून फेसाळतो, म्हणून तीन-चार थरांत. भुशावर गोंद पडला की रंग दोन छटा गडद होतो, म्हणून नमुना आधी कागदावर करून पाहा. पितळी भुकटी मिसळायला हरकत नाही. लोखंडाचा कीस ओकमध्ये नको, कारण वर आलेच आहे.

आत धातूचे कडे हवे असेल तर टायटॅनियम किंवा ३१६एल प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. स्वस्त मिश्रधातूतले निकेल त्वचेला त्रास देते. युरोपात कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून निकेल सुटण्याची मर्यादा चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. वाकवलेली पट्टी धातूवर शांत बसते. बिनजोड लाकूड धातूवर चढवले तर ते आडवे आकसते, धातू जागचा हलत नाही, आणि तडा जातो. लेखातल्या विधानाचा सर्वांत महागडा नमुना हाच. धातूने ताकद वाढते, पण बोट सुजले किंवा अडकले तर नुसत्या लाकडाची अंगठी पक्कडीने दाबून मोडता येते. टायटॅनियम कापायला नेहमीची साधने पुरत नाहीत.

मापाची घाई करू नका. लाकडी अंगठी ताणता येत नाही. बोट संध्याकाळी मोजावे, थंडीत किंवा सकाळी उठल्याउठल्या नव्हे, आणि ज्या रुंदीची अंगठी हवी त्याच रुंदीच्या नमुन्याने. आठ मिलिमीटरची अंगठी त्याच मापाच्या चार मिलिमीटरच्या अंगठीपेक्षा घट्ट वाटते. आयएसओ ८६५३ या मानकात अंगठीचा क्रमांक म्हणजे आतला घेर मिलिमीटरमध्ये, ५७ म्हणजे साधारण १८.१ मिलिमीटर व्यास. कारागिराला क्रमांक सांगण्याऐवजी हा व्यास सांगितला की घोळ होत नाही. आतले घासणे व्यास वाढवते, आतला लेप कमी करतो. दोन्हींचा हिशेब दांडा निवडतानाच व्हायला हवा. तयार अंगठी घट्ट झाली तर आतून घासून व्यास अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाढवता येतो. सैल झाली तर आत ०.४ मिलिमीटरची आणखी एक पट्टी बसवतात, व्यास ०.८ ने कमी होतो. बिनजोड अंगठीत असे थर घालू गेल्यास तिची लंबगोल हालचाल थर उचकटून टाकते.

घालणाऱ्याने भांडी घासताना, पोहताना आणि वजने उचलताना ती काढून ठेवावी. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात बहुधा अ‍ॅसिटोन असतो आणि तो सुपर ग्लू विरघळवतो, तेव्हा आधी अंगठी दूर, मग बाटली. लेपाखाली पांढरट ढग दिसला की पाणी शिरले समजावे. अंगठी तीन-चार दिवस कोरड्या हवेत ठेवून, त्या जागेचा लेप घासून नवा द्यावा. ढग दिसूनही घालत राहिले तर थर सुटू लागतात.

तेव्हा ज्यांना घरचा तुकडा द्यायचा आहे त्यांनी कारागिराला आधी इतकेच विचारावे: रेषा घेराभोवती फिरतील का, सांधे कुठे येतील, आत कोणते लाकूड राहील, लेप कशाचा आणि पुन्हा द्यायला किती दिवसांनी आणायचे. या प्रश्नांना जो ‘एकाच तुकड्यातून कोरतो, काळजी नको’ असे उत्तर देतो, त्याच्याकडे दुसरे एखादे लाकूड द्यावे, हे देऊ नये. आणि काम झाल्यावर उरलेला तुकडा न चुकता परत मागावा, शक्य असल्यास दोन जादा पट्ट्यांसह. दुरुस्तीला तेच लाकूड लागते, बाजारातले त्याच जातीचे नवे लाकूड रंगाने कधीच जुळत नाही. तुकड्याच्या टोकांना मेण लावा, कपड्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि ठेवण्याआधी त्यावर पेन्सिलने रेषांच्या दिशेचा एक बाण काढून ठेवा.

आपले,
लाकूडकाम करणारे काही वाचक